सव्वीस मणी, एक कडी

साहित्यात पदवी घेतल्यावर मला एकच नोकरी मिळाली. सोन्याचा भाव का बदलला ते दोन ओळींत लिहायची.

दागिन्यांचं दुकान होतं. रोज सकाळी मी चार हजार गिऱ्हाइकांना मोबाइलवर मजकूर पाठवायचे. भाव वाढला की कारण. पडला की कारण. जागच्या जागी राहिला तर तो का राहिला, तेही. दुसरं काम पाटीचं. दाराबाहेर भावाची पाटी होती, शिडी लावून तिच्यावरचे आकडे बदलायचे. आकड्यांच्या मागे लोहचुंबक होता. साताचे आकडे दोनच होते. भावात तिसरा सात आला की तो मी खडूने काढायचे.

कारणं मला कुठली ठाऊक? ती मी गुंजकाकांकडून घ्यायचे.

गुंजकाका दुकानात कस लावायचे. कोणी जुनं सोनं विकायला आणलं की ते काळ्या दगडावर घासायचे, उमटलेल्या रेघेवर तेजाबाचा थेंब सोडायचे आणि डोळे बारीक करून शुद्धता सांगायचे. चौतीस वर्षं हेच काम. अंगानं इतके बारीक की स्टुलावर बसले की पाय लोंबकळायचे. गुंज म्हणजे सोनारांचं सगळ्यात हलकं वजन. हे नाव त्यांना कोणी ठेवलं ते कोणालाच आठवत नव्हतं. त्यांची बायको, म्हणजे काकू, म्हणायची, "लोकांच्या वाट्याला तोळा येतो, माझ्या वाट्याला गुंज आली."

त्यांचा एक नियम होता. ज्याचं सोनं, त्याच्या डोळ्यांसमोर कस. टेबलासमोर एक खुर्ची होती, तिच्यात मालक बसलेला हवा. नवरा बायकोची बांगडी घेऊन आला तर काका म्हणायचे, "बाईंना घेऊन या." नवरा म्हणायचा, "अहो, घरातलंच आहे." काका म्हणायचे, "मग घरातलं माणूस आणायला किती वेळ लागतो?" शेठ चिडायचे. गिऱ्हाईक जातं म्हणायचे. पण चोरीचा मालही दुकानात येत नसे, म्हणून गप्प बसायचे. ज्या पुडक्याला काकांची कसाची चिठ्ठी नाही ते भट्टीत जात नसे. भट्टी रोज चार वाजता पेटायची. दिवसभरात घेतलेलं जुनं सोनं मुशीत वितळायचं आणि त्याची लगड व्हायची. मग ती बांगडी होती की अंगठी, कोण सांगणार?

काकांचं टेबल एका लाकडी आडोशामागे होतं. आडोशाच्या खाली वीतभर फट. काम करताना मान खाली, त्यामुळे त्यांना रांगेतल्या लोकांची तोंडं दिसत नसत. पाय दिसत. चौतीस वर्षं पाय बघून बघून त्यांनी एक शास्त्र तयार केलं होतं.

"पदवीधर," ते मला म्हणायचे, "भाव पाटीवर नसतो. भाव पायांत असतो."

मी हसायचे. मग हळूहळू लिहून घ्यायला लागले.

त्या सोमवारी सगळं जग घाबरलेलं होतं. शनिवारी परदेशातली एक मोठी वित्तसंस्था बुडाली होती. रविवारभर टीव्हीवर टाय लावलेले लोक एकमेकांवर ओरडत होते. शेअर कोसळणार यावर सगळ्यांचं एकमत होतं. सोनं वर जाणार यावरही होतं.

पावणेदहाला मी शिडीवर होते. दुकान अजून उघडायचं होतं. आत काका एकटे. त्यांनी खिशातून एक निळी कापडी पिशवी काढली आणि तिच्यातून माळ काढली.

ती काकूची माळ. मी ओळखत होते. काकू इस्पितळाच्या धुलाईखान्यात सव्वीस वर्षं काम करत होती. दर वर्षी पगारवाढ हातात पडली की त्याच दिवशी ती एक सोन्याचा मणी घ्यायची. भाव काय, ते नवऱ्याला विचारायची नाही. गावाला भाव सांगणारा माणूस घरात होता, पण त्याला कोणी विचारत नव्हतं. काका हळहळायचे. "आठवडाभर थांबली असतीस तर पडला असता."

"आठवडाभरात पैसे साबणाला गेले असते," काकू म्हणायची.

असे सव्वीस मणी झाले होते. कोणता कधीचा, तिला पाठ होतं. हा धाकटीला टायफॉइड झाला त्या वर्षीचा. हा धुलाईखान्याची प्रमुख झाले तेव्हाचा. हा पाठ धरली त्या वर्षीचा. सगळे दिसायला सारखे. तिला विचारलं तर म्हणायची, "जुळी मुलं आईला सारखी दिसतात का?"

माळेची कडी तुटली होती. काका ती दुरुस्तीला घेऊन आले होते. आमच्याकडे दुरुस्तीला द्यायची वस्तूही आधी तोलतात. परत घेताना पुन्हा तोलतात, म्हणजे कारागिरावर बालंट नको. काकांनी माळ तराजूत ठेवली. वजन चिठ्ठीवर लिहिलं. माळ आणि चिठ्ठी कारागिराच्या डब्यात टाकली. बस्, एवढंच.

शिडीवरून मला आणखी एक गोष्ट दिसली. समोरचा सलूनवाला काचेला नाक लावून आत बघत होता. तो रोजच सकाळी भाव बघायला यायचा. त्याचं नाक काचेवर चपटं झालं होतं. डोळे मात्र मोठे झाले होते. मग तो रस्ता ओलांडून जवळजवळ पळतच आपल्या सलूनमध्ये शिरला. मला वाटलं, गिऱ्हाईक आलं असेल.

सलूनवाल्याबद्दल एक सांगायला हवं. तो सगळं सांगतो, पण नाव घेत नाही. त्याचा त्याला फार अभिमान आहे.

दहाला भाव वर उघडला. मी आकडे चढवले. सव्वादहाला पुन्हा शिडी. आणखी वर. आणि साडेदहाला भाव धाडकन खाली आला. सकाळपासूनची चढ गेलीच, वर शुक्रवारचीही गेली. मला वाटलं, फोनवरचा आकडा चुकला. पुन्हा फोन केला. चुकला नव्हता.

शेठ आतून ओरडले, "अगं, मजकूर पाठव! लोक विचारतायत. जग बुडतंय आणि सोनं पडतंय, हे काय?"

मी काकांकडे धावले. ते तेजाबाची बाटली पुसत होते. निवांत.

"काका, सोनं का पडलं?"

"घर पेटलं की माणूस आधी काय बाहेर काढतो?"

"जे मौल्यवान आहे ते."

"चूक. जे उचलता येतं ते. कपाट कितीही महाग असो, ते आतच राहतं." त्यांनी बाटली खाली ठेवली. "आज शेअर विकायला काढला तर घेणारा नाही. जमिनीला गिऱ्हाईक नाही. मोठमोठ्या लोकांना तर आजच्या आज पैसे उभे करायचेत. मग हाताशी काय आहे? सोनं. ते कधीही, कुठेही विकलं जातं. म्हणून ते विकतात. सोनं वाईट आहे म्हणून नाही, पदवीधर. चांगलं आहे म्हणून."

मी लिहून घेतलं. वाक्य इतकं चांगलं होतं की मला थोडा मत्सर वाटला.

"मग आता?"

"आता हे बूट विकतायत. चकचकीत बूट. त्यांचं विकून होईल. मग सगळ्यात शेवटी चपला विकायला येतात. साधी माणसं. पडल्यावर घाबरतात आणि येतात. चपला दिसल्या की समजायचं, पडणं संपलं. तेव्हा घ्यायचं." त्यांनी पाय हलवले. "चपला यायला दोन-तीन दिवस लागतात."

पावणेअकराला फटीतून चपला दिसल्या.

एक नाही, दोन नाही. रांगच. अंगठा तुटलेल्या, टाचा झिजलेल्या, शाळेच्या बाईंच्या बिनटाचेच्या. रांग दारातून बाहेर आणि बाहेरून सलूनपर्यंत गेली होती. सगळ्यात पुढे सलूनवाला. हातात बायकोची कर्णफुलं, बरोबर बायको.

काका खाली वाकून बघत राहिले. "इतक्या लवकर?" ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे संपलंच की! लिही, घ्या म्हणावं."

शास्त्र बरोबर होतं. पुढे जे झालं त्यात शास्त्राचा काही दोष नाही.

सलूनवाला आत आला. बायको खुर्चीत बसली. काकांनी कस लावला. जाताना सलूनवाल्यानं काकांचा हात दाबला आणि एक डोळा मिटला. काकांना वाटलं, बिचाऱ्याला अवघड जातंय.

दुसरे मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी अंगठी टेबलावर ठेवली.

"मास्तर, कशाला विकताय?" काका म्हणाले. "थांबा दोन दिवस."

मास्तरांनी मागे पाहिलं. मग पुढे वाकले. "तुम्हाला म्हणून सांगतो. आतला माणूस विकतोय."

"आतला म्हणजे?"

"सोन्याच्या धंद्यातला. चाळीस वर्षांचा अनुभव आहे."

काकांचा हात दगडावरच थांबला. "चाळीस? माझी चौतीस झाली."

"तेच म्हणतो मी. तुमच्यापेक्षा सहा वर्षं पुढचा माणूस आहे."

"कोण पण?"

"नाव कोणी घेत नाहीये. म्हणजे किती मोठा असेल बघा."

तिसरी कोपऱ्यावरची चहावाली. तिच्याकडे एक नथीएवढी रिंग होती.

"बाई, तुम्हीसुद्धा?"

"मग काय करू? तो पंचेचाळीस वर्षांवाला विकून मोकळा झाला, आम्ही काय बघत बसू?" तिनं आवाज खाली आणला. "बायकोच्या गळ्यातलं घेऊन आला म्हणे. पहाटे. पिशवीत लपवून. ती बिचारी कामावर गेलेली, तिला पत्ताच नाही."

"शी!" काका म्हणाले. "असला कसला नवरा!"

"पण काका, नवरा मेला कसाही असो. बायकोला न सांगता विकतोय, म्हणजे किती घाबरला असेल?"

त्यांच्या लोंबकळणाऱ्या पायांची हालचाल थांबली होती.

त्यानंतर त्यांचं काम मंदावलं. एका रेघेच्या जागी तीन रेघा ओढायला लागले. प्रत्येकाला विचारायचे. प्रत्येक जण तेच सांगायचा, फक्त माणूस मोठा होत जायचा. सहाव्याच्या वेळी तो पन्नास वर्षांचा अनुभवी होता आणि त्यानं घरातला देवाचा मुकुटही विकला होता.

"पदवीधर," काका मला हळूच म्हणाले, "पन्नास वर्षांचा माणूस मूर्ख नसतो."

"पण चपला आल्या म्हणजे पडणं संपलं, असं तुम्हीच—"

"ते माझं शास्त्र झालं. मी चौतीस वर्षांचा. त्याला आणखी काही दिसत असेल."

अकरा वाजून दहा मिनिटांनी ते स्टुलावरून उतरले. कारागिराच्या डब्यातून माळ काढली. कारागीर अजून आलाच नव्हता. मी मध्ये पडले.

"काका, ती काकूंची आहे."

"तिचंच भलं करतोय. आता विकायची. दुपारपर्यंत भाव आणखी पडेल. तेव्हा घ्यायची. सव्वीसच्या जागी अठ्ठावीस मणी येतील. साडेतीनला ती न्यायला येईल तेव्हा बघ कशी थक्क होते."

"पण तेच मणी कसे मिळतील?"

"सोनं ते सोनं," काका म्हणाले. पण माझ्याकडे न बघता.

मी पाहिलं ते एवढंच. त्यांनी माळ टेबलावर ठेवली. सवयीनं दगड उचलला. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. दगड खाली ठेवला. मग माळ कागदात गुंडाळून ते शेठकडे गेले.

"माझंही घ्या," ते म्हणाले.

शेठच्या हातातला चहा हिंदकळला. "तू? तू विकतोयस?" त्यांनी पुडकं उघडूनही पाहिलं नाही. पावती फाडली, पैसे पाकिटात घालून दिले, कपाळ पुसलं. "अगं, ऐक. आपला घ्यायचा भाव आणखी खाली कर. आणि मजकूर पाठव. अनुभवी लोक विकतायत म्हणावं."

मी पाठवला. 'बाजारातील अनुभवी मंडळी सध्या विक्री करत आहेत.' चार हजार लोकांना गेला. मंडळी एकच होती आणि ती आडोशामागे बसून नखं कुरतडत होती. पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

एक वाजता भाव तळाला होता. काका खुशीत आले. "बघ! पन्नासवाल्याला कळत होतं. आणखी थोडा पडू दे, मग घेऊ." सव्वाएकला सलूनवाला चहाचे दोन कप घेऊन आडोशामागे आला.

"काका, तुमच्यामुळे वाचलो हो. कर्णफुलं वेळेत निघाली."

"माझ्यामुळे कसं? मी अकरा दहाला विकलं. तू तर त्याआधी रांगेत होतास."

"अकरा दहा कुठलं? पावणेदहा! काचेतून पाहिलं ना मी. पिशवी काढलीत, माळ काढलीत, तोललीत." त्यानं छातीवर हात ठेवला. "पण नाव कोणाला सांगितलं नाही. आपल्या पेशात ते बसत नाही."

काकांनी चहाचा कप बाजूला सारला.

"तिची कडी तुटलीय," ते म्हणाले.

"कोणाची?"

"माळेची. दुरुस्तीला आणली होती."

"मग तोललीत कशाला?"

"दुरुस्तीला देताना तोलतात."

"आम्ही नाही तोलत," सलूनवाला म्हणाला. "वस्तरा धारेला देतो, पण तोलून नाही देत."

मला राहवेना.

"म्हणजे तो चाळीस वर्षांवाला—"

"मी," काका म्हणाले.

"आणि पंचेचाळीसवाला?"

"तोही मीच."

"पन्नासवाला?" सलूनवाल्यानं विचारलं.

काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो कप तसेच ठेवून निघून गेला.

दीड वाजता भाव वळला. मी शिडीवर चढले, उतरले, पुन्हा चढले. दोनला सकाळचा भाव मागे पडला. बुटांचं विकून झालं होतं. आता जे घाबरले होते ते सोनं घ्यायला निघाले होते. सगळं काकांनी सकाळी सांगितलं तसंच झालं. सांगणारा बरोबर होता. विकणारा चुकला होता. अडीचला भावात तिसरा सात आला. मी खडू शोधत होते तेव्हा काका आतून बाहेर आले आणि पाटीकडे बघत उभे राहिले. त्यांना मी इतकं लहान कधी पाहिलं नव्हतं.

"कितीवर गेला ते बघू नका," मी म्हणाले.

"भाव नाही बघत गं," ते म्हणाले. "घड्याळ बघतोय. चारला भट्टी."

ते शेठकडे गेले. पाकीट जसंच्या तसं पुढे ठेवलं. "शेठ, हे घ्या. माळ परत द्या."

"जरूर. आताच्या भावानं घे."

"एवढ्या पैशांत आताच्या भावानं तेवीसच मणी येतील."

"मग तेवीस ओव. काकूंना काय कळतंय?"

"शेठ, ती चादरीचा वास घेऊन कोणत्या खोलीतली ते सांगते."

"तो तुझा आणि तिचा प्रश्न. पावती फाडली, व्यवहार झाला. तूच विकलंस. मी काय तुला ओढून आणलं?"

हेही खरं होतं. काका पाकीट घेऊन आडोशामागे जाऊन बसले. बाहेरची रांग अजून तशीच होती. सकाळपासून चाळीसेक लोक आले होते आणि काकांच्या तीन-तीन रेघांमुळे दुपारपर्यंत नऊच जणांचं झालं होतं. उरलेल्यांनी आपापल्या वस्तू पुन्हा रुमालात बांधल्या होत्या आणि आता त्याच रांगेत उभं राहून सोनं घ्यायचा भाव विचारत होते. चपला त्याच. फक्त बोटं आता पुढे वळलेली वाटत होती.

साडेतीनला काकू आली. हात साबणाच्या पाण्यानं सुरकुतलेले, पाय सुजलेले. सरळ आडोशामागे आली आणि काकांच्या समोरच्या खुर्चीत बसायला वाकली.

"बसू नकोस!" काका किंचाळले.

काकू अर्धी वाकलेली तशीच राहिली. "का? रंग लावलाय?"

"त्या खुर्चीत नको. त्या खुर्चीत बसू नकोस."

"अहो, आठ तास उभी आहे मी."

एवढ्यात मागचं दार उघडलं आणि भट्टीवाला बाहेर आला. भट्टीच्या पंख्याच्या आवाजानं त्याला कमी ऐकू येतं, म्हणून तो सगळ्यांशीच ओरडून बोलतो. त्याच्या हातात एक पुडकं होतं.

"हे काय आहे? याची चिठ्ठी कुठाय? कस कुठाय?"

शेठ धावत आले. "अरे, आपल्याच माणसाचं आहे. टाक मुशीत."

"काय?"

"टाक म्हणतो!"

"टाक म्हणणं सोपं आहे! बावीस वर्षांत बिनकसाचं पुडकं आलं नाही. यानंच शिकवलंय मला." त्यानं काकांकडे बोट केलं. "आत काय भेसळ निघाली तर मूस माझी तडकेल, शेठची नाही!"

त्यानं कागद उघडला. माळ दिसली. काकूनं माळेकडे पाहिलं. मग काकांकडे.

शेठचा चेहरा खुलला. "बरं झालं, काकूच आल्यात. मालकीण समोर आहे. बसा काकू, बसा. गुंज, लाव कस. तुझाच नियम."

रांगेतले सगळे आडोशावरून डोकावत होते. काकांनी दगडाला हात लावला नाही. त्यांनी सगळं एका दमात सांगितलं. कडी, तराजू, सलूनवाला, चाळीस, पंचेचाळीस, पन्नास, मुकुट, अकरा दहा. मी इतकं लांब वाक्य त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्यात एकही पूर्णविराम नव्हता.

काकू उभीच होती. तिनं विचारलं, "किती जास्त मिळणार होते?"

"दोन," काका म्हणाले. "तुला आश्चर्य म्हणून."

"सव्वीस वर्षांत तुम्ही मला एक मणी आणला नाहीत," काकू म्हणाली. "आज एकदम दोन आणायला निघालात, तेव्हाच ओळखायला हवं होतं की काहीतरी कोसळणार आहे."

रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. काकूनं माळ भट्टीवाल्याच्या हातातून घेतली आणि मणी बोटांनी सरकवत मोजायला लागली. एका मण्यावर ती थोडी थांबली. टायफॉइडचा असावा. मग पुढे गेली. सव्वीस.

"शेठ," ती म्हणाली, "मी तुमच्याकडे विकायला कधी आले?"

"तुम्ही नाही, पण तुमचे मिस्टर—"

"ते भाव सांगतात. घ्यायचं-विकायचं मी बघते. घरात पहिल्यापासून असंच आहे. चौतीस वर्षं ते इथे लोकांच्या नवऱ्यांना परत पाठवतायत, बायकोला घेऊन या म्हणून. माझ्याच नवऱ्याला तुम्ही कसं परत पाठवलं नाहीत?"

भट्टीवाला ओरडला, "बरोबर आहे!" त्याला यातलं किती ऐकू आलं होतं, कोण जाणे.

"कस नाही तर व्यवहार नाही," मास्तर आडोशावरून म्हणाले. त्यांची अंगठी सकाळीच गेली होती, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला धार होती.

शेठनी काकांसमोरचं पाकीट उचललं, मोजलं नाही, गल्ल्यात टाकलं आणि अकरा दहाची पावती फाडून टाकली. "न्या," ते म्हणाले. "आणि उद्यापासून याला दुकानात काही विकायची बंदी."

काकू आता त्या खुर्चीत बसली. पाय पुढे पसरले. माळ गळ्याशी धरून पाहिली.

"आणि कडी?" ती म्हणाली.

कारागीर दुपारी आला होता, डब्यात काही नाही बघून परत गेला होता.

"सकाळपासून एवढं सगळं केलंत," काकू म्हणाली, "आणि कडी नाही झाली?"

ती घरी गेली ती माळेला सेफ्टी पिन लावून.

त्या आठवड्यात काका नऊ घरी स्वतः गेले. प्रत्येक ठिकाणी सांगितलं, तो पन्नास वर्षांवाला मीच, आणि मी विकत नव्हतो. मास्तरांनी त्यांना बसवून घेतलं आणि अफवा या विषयावर तासभर शिकवलं. चहावालीनं दोन महिने त्यांच्या चहात साखर टाकली नाही. सलूनवाल्यानं मात्र विश्वास ठेवला नाही. "मोठी माणसं असंच म्हणतात," तो म्हणाला.

पण हे नंतरचं. मंगळवारी सकाळी पावणेदहाला मी शिडीवर होते. काका रस्त्यानं येत होते. निळी पिशवी त्यांनी डोक्याच्या वर, हात ताठ करून धरली होती. पिशवीवर कागद चिकटवलेला. त्यावर काकूच्या अक्षरात, धुलाईखान्यातल्या गाठोड्यांवर लिहितात तसं, जाड शाईनं लिहिलं होतं: दुरुस्ती.

सलूनसमोर ते थांबले.

"दुरुस्ती!" काका मोठ्यानं म्हणाले. "फक्त दुरुस्ती! कडी तुटलीय! तोलणार आहे, पण विकणार नाही!"

सलूनवाल्याचा वस्तरा एका गिऱ्हाइकाच्या गालावर थांबला. त्यानं पिशवीकडे पाहिलं. कागदाकडे पाहिलं. मग हळूच मान हलवली आणि एक डोळा मिटला.

"समजलो," तो म्हणाला. "नाव घेत नाही."

दहाला मी दुकानाचं दार उघडलं तेव्हा बाहेर चपलांचे सहा जोड उभे होते.